बाळ हसतंय-खेळतंय, पण दूध अंगी लागत नाहीये का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी पाच महिन्यांची झाली, फक्त अंगावरच पिते, बाकी काही दिलेलं नाही. जन्माचं वजन २.८ किलो होतं, तिसऱ्या महिन्यात ५.२, चौथ्यात ५.७ आणि आता पाचव्यात फक्त ५.९, म्हणजे अख्ख्या महिन्यात दोनशेच ग्रॅम! तशी एकदम चुणचुणीत आहे, पालथी पडते, हातपाय तर एक मिनिट थांबत नाहीत. पण प्यायला घेतलं की दोन-तीन मिनिटं पिणार आणि मग मान वळवून पंख्याकडे नाहीतर दाराकडे बघत बसणार. आधी रात्री दोनदा उठायची, आता दहाला झोपली की सहापर्यंत सलग झोपते, आम्हाला वाटलं चला सुटलो. घरातले म्हणतात तुझं दूध पातळ आहे, अंगी लागत नाही, वरचं सुरू कर. कोणी म्हणतं एवढी वळवळ करते म्हणून बाळसं धरत नाही. वजन करायचा दिवस आला की मला धडधडायला लागतं. काय करू?

उत्तर : अगं, आधी ते 'पातळ दूध' डोक्यातून काढून टाक. याच दुधावर तुझी मुलगी चार महिन्यांत २.८ वरून ५.७ वर गेली, म्हणजे वजन दुप्पट झालं, आणि बहुतेक बाळांचं ते चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान होतं. दूध कुचकामी असतं तर हे झालंच नसतं.

आता आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते २००६ साली आले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून केलेत, त्यामुळे तुझ्या मुलीला तेच लावायचे. त्यात पाच महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ६.९ किलो आहे आणि खालची धोक्याची रेघ साधारण ५.४ वर आहे. म्हणजे ती लहान चणीची आहे पण धोक्यात नाहीये. चौथ्या महिन्यापर्यंत ती आपल्या रेघेवरून अगदी सरळ चालली होती, शेवटच्या महिन्यात मात्र रेघ जरा खाली वाकलीये. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २५-३० ग्रॅम वाढतं, त्यानंतर ते १५-२० वर येतं, सगळ्यांचंच येतं. तुझ्या मुलीचं सात ग्रॅमच्या आसपास आलंय, म्हणून लक्ष घालायचं, घाबरायचं नाही.

पण त्याआधी मला एक सांग, दोन्ही वजनं एकाच काट्यावर, सारखेच कपडे घालून केली होती का? भरलेला डायपरच शंभर-दीडशे ग्रॅमचा असू शकतो, त्यात नुकतीच प्यायली असेल, काटा वेगळा असेल, तर तुझा महिनाभराचा हिशोब तिथेच चुकला. उघडं बाळ, पाजायच्या आधी, तोच काटा, असं एकदा परत करून बघ.

आता खरा मुद्दा. हातपाय हलवण्यात थोडी ताकद जाते, नाही असं नाही, पण निरोगी बाळाचं वजन निव्वळ त्यापायी अडत नाही. अडतं ते अर्धवट पिण्यामुळे. चार-पाच महिन्यांचं बाळ आत्ता कुठे लांबचं नीट बघायला लागलेलं असतं, त्याला पंखा, आवाज, शेजारून गेलेलं माणूस सगळंच दुधापेक्षा भारी वाटतं. पहिली भूक भागली की तोंड सुटलं. आणि दिवसा असं तुकड्या-तुकड्यात पिणारं बाळ आपली भरपाई रात्री करून घेतं, नेमकं तेच तुझ्याकडे बंद झालंय, आठ तास सलग झोपते म्हणजे दोन चांगली मोठी पाजणी गेली. (हे मी तुला दोष द्यायला सांगत नाहीये हं, सलग झोप मिळाली की कुठल्याही आईला हायसंच वाटतं.) दूध मागणीवर तयार होतं, जितकं रिकामं होतं तितकं भरतं, त्यामुळे पाजणी कमी झाली की हळूहळू दूधही आवरतं घेतं.

म्हणून पंधरा दिवस एवढंच कर. दिवसातली निदान तीन-चार पाजणी अंधाऱ्या, शांत खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून, आडवी पडून दे. झोपेतून नुकती उठलेली किंवा झोपायला आलेली, डोळे पेंगुळलेले असताना बाळ सगळ्यात छान पितं, ती वेळ अजिबात सोडू नकोस. रात्री तू झोपायला जाताना तिला अलगद उचलून झोपेतच पाज, आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास अजून एकदा. चोवीस तासांत आठ-नऊ वेळा झालं पाहिजे. चोखणी देत असशील तर हे पंधरा दिवस बाजूला ठेव, भूक लागली तरी बाळ तीच चोखत बसतं.

पाजताना घड्याळाकडे बघू नकोस, तिच्या हनुवटीकडे बघ. हनुवटी खाली जाते, क्षणभर तिथेच थांबते आणि मग वर येते, तो जो थांबा असतो ना तोच घोट. पान्हा फुटला की असे घोट एकामागोमाग दिसतील, मग नुसतं लुटुलुटु चोखणं सुरू होतं, तेव्हा तिला काढू नकोस, स्तन टोकापासून बराच मागे पसरट हाताने हलकेच दाबून धर, परत दोन-चार घोट जातील. दाबूनही घोट दिसेनासे झाले की दुसऱ्या बाजूला घे, आणि जमलं तर परत पहिल्या बाजूला. स्तन मऊ होत जातो तसं दुधातली साय वाढते, ते शेवटचं दाट दूध तिचं सारखं हुकतंय, आणि घरातल्यांना 'पातळ' वाटतंय ते यामुळेच. तोंडात नुसतं टोक नको, खालचा काळा भागही बराचसा आत गेला पाहिजे. पाजताना टोचत-दुखत असेल तर पकड चुकतेय, तेव्हा स्तनपान सल्लागाराला प्रत्यक्ष दाखव, हे लिहून शिकवता येत नाही.

वरच्या खाण्याचं म्हणशील तर सहा महिने पूर्ण व्हायला आलेत, थोडं थांब. आत्ता घाईने काहीतरी पाणीदार भरवलं तर पोट भरेल आणि दूध कमी जाईल, शंभर मिली अंगावरच्या दुधात ६५-७० कॅलरी असतात, पातळ पाणचट खाण्यात त्याच्या निम्म्याही नसतात. पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर चमच्यावरून ओघळणार नाही असं दाट द्यायचं आणि आधी अंगावर पाजायचं.

तुझं स्वतःचंही बघ. या महिन्यात पाळी सुरू झालीये का, गर्भनिरोधक गोळी बदललीस का, सर्दीचं काही औषध घेतलंस का? इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी आणि नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकतं. थायरॉईडची तपासणी राहिली असेल तर तीही करून घे. भूक लागेल तेवढं जेव, तहान लागेल तेवढं पाणी पी, दूध वाढावं म्हणून बळेबळे काही ढोसायची गरज नाही.

वजन दुसऱ्यांदाही एवढंच भरलं तर डॉक्टरांना दाखवच, रेघ वाकली की एकदा तपासून घेणं बरं, कधीकधी लघवीच्या जंतुसंसर्गासारखं काहीतरी गुपचूप असतं. आणि दिवसाला सहापेक्षा कमी डायपर ओले होत असतील, लघवी गडद दिसत असेल, पिताना घाम येत असेल किंवा धाप लागत असेल, सारख्या उलट्या, ताप, किंवा एवढी चुणचुणीत पोर अचानक मलूल पडली, तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. डॉक्टरांनी वरचं दूध थोडं द्यायला सांगितलं तर खुशाल दे, अंगावर पाजून झाल्यावर दे. तू हरलीस असं काही होत नाही त्यात.

हे सगळं केलंस की पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन कर. दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढलं असेल तर चाललंय तसंच चालू दे आणि पुढचं वजन महिन्याने, रोज काट्यावर ठेवू नकोस. शंभरही नसेल तर दोन आठवड्यांत किती वेळा पाजलं आणि किती डायपर ओले झाले ते कागदावर मांडून डॉक्टरांकडे ने, त्यांना त्यावरून पुष्कळ कळेल.