मुलीचं लग्न आणि पोस्टातले 15 लाख

प्रश्न: ताई, मी 64 वर्षांचा, मिसेस 62. कंपनीतून रिटायर झालो, पीएफवाली पेन्शन 3,900 येते. पोस्टात सीनियर सिटीझन स्कीममध्ये माझ्या नावावर 15 लाख, मिसेसच्या नावावर 15 लाख, अडीच वर्षांपूर्वी टाकलेत, शिवाय बँकेत 6 लाखांची एफडी. एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला, मे महिन्यात लग्न आहे. मुलाकडच्यांनी काहीच मागितलेलं नाही पण मी गावात आयुष्यभर लोकांची लग्नं जेवलोय, 700 पानं तरी उठायला पाहिजेत ना. सगळा खर्च 15 लाखांवर जातोय. माझं पोस्टाचं खातं मोडू का? मिसेस नको म्हणते, मुलीला यातलं काही माहीत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, नका मोडू. काकू बरोबर म्हणतायत.

आत्ता तुमच्या दोन्ही खात्यांवर 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांना 61,500 येतात, म्हणजे महिन्याला 20,500, पेन्शन धरून 24,400. एक खातं मोडलंत की हातात राहतात 14,150, आणि त्यातच किराणा, लाइट बिल, औषधं, सगळं. मुदतीआधी मोडल्याचा 1 टक्का म्हणजे 15,000 कापतील ते वेगळेच, पण ते एकदाच जातील हो, हे 10,250 मात्र दर महिन्याला जाणार. मग मुलीला कळणार, ती पैसे पाठवायला लागणार, आणि तुम्ही ते घेणार नाही. असे बाबा मी खूप पाहिलेत, गोळ्या एक दिवसाआड घेतात पण लेकीला फोनवर सगळं मजेत आहे म्हणून सांगतात.

लोकांची लग्नं जेवलोय हे तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. ती परतफेड वाटते हे कळतं मला, पण ज्यांच्याकडे जेवलात त्यातल्या कितीजणांनी म्हातारपणाचे पैसे काढून पंगत घातली असेल? आपल्याकडे यादी पे शादी करणारी चांगली चांगली घरं आहेत, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. ताट 450 ला धरलं तरी 700 पानांचे 3,15,000 होतात आणि 250 पानांचे 1,12,500, हॉलही मग छोटा चालतो. दागिना नवा कशाला, काकूंच्या पाटल्या असतील तर त्याच द्या, आईच्या हातातलं सोनं मुलीला जास्त प्रिय असतं.

एफडीतले 3 लाख खुशाल खर्च करा, उरलेले 3 दवाखान्यासाठी ठेवा, त्यांना हात नको. बाकीचं मुलगी आणि जावई मिळून करतील, दोघं कमावते असतील तर त्यात कमीपणा कसला. व्याह्यांशीही मोकळं बोला, त्यांनी काही मागितलेलं नाही म्हणजे माणसं समजूतदार दिसतायत, खर्च अर्धा अर्धा करू म्हणाल तर वाईट वाटून घेणार नाहीत.

पण आधी मुलीशी बोला. हॉलचा ॲडव्हान्स भरायच्या आत, ती सुट्टीला घरी आली की पासबुकं तिच्यासमोर ठेवा, काकूंनाही शेजारी बसवा, आणि तिला कसं लग्न हवंय ते विचारा.