मर्डर हॉर्नेट भारतात आला तर आपल्या मधमाश्या संपतील का? माणसालाही मारतो म्हणतात ते खरंय का?

आला तर काय, तो इथे आधीपासून आहेच की! तुम्ही बहुतेक अमेरिकेचा व्हिडिओ बघून विचारताय. पण ही राक्षसी गांधीलमाशी मूळची आशियातलीच, जपान-चीनपासून पार आपल्या हिमालयापर्यंत आणि ईशान्येपर्यंत, नागालँडमध्ये तर लोक तिच्या अळ्या आवडीने खातात. आपल्या कोकणात भेटते ती तिची चुलत बहीण, आकाराने लहान, काळी कुळकुळीत आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा.

माझ्याकडे सिंधुदुर्गात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, सहा पेट्या आहेत. पावसाने उघडीप दिली की ही बाई दारासमोर हवेत तरंगत उभी, पराग घेऊन दमून आलेली माशी दिसली की झडप, आणि मग जवळच्या फांदीला लटकून डोकं, पंख, पाय, पोट सगळं कापून टाकते आणि फक्त छातीचा गोळा घेऊन जाते कारण उडायचे स्नायू तिथेच असतात, म्हणजे खरा माल तोच. तो पण स्वतःसाठी नाही हं, अळ्यांसाठी. तिची कंबर एवढी बारीक की घट्ट अन्न खाली उतरतच नाही, उलट अळ्याच तिला तोंडातून रस पाजतात. पोरांनी आईला भरवायचं असा उलटा संसार.

ही आपली गांधील एकएक माशी उचलते. मोठी मात्र टोळीने येते, वीस-तीसजणी मिळून काही तासांत हजारो मधमाश्यांची मुंडकी छाटतात, मग पेटीचा ताबा घेऊन आतल्या अळ्या आपल्या घरी वाहून नेतात. पण तुम्ही व्हिडिओत बघितलं ते बहुतेक युरोपियन मधमाश्यांचं, ज्यांना आपण मेलिफेरा म्हणतो. त्या बिचाऱ्यांच्या मूळ गावी हा शत्रू कधी नव्हताच, त्यामुळे एकेक करून लढायला बाहेर येतात आणि एकेक करून मरतात.

सातेरी एवढी भोळी नाही. गांधील दिसली की बाहेरचा वावर कमी करते, दाराशी सगळ्या एकदम पोट हलवतात, अंगावरून लाट गेल्यासारखं दिसतं, आणि तरी एखादी आत घुसलीच तर शेकडोजणी तिला घेरून गोळा करतात आणि पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवून आत 46-47 अंशांपर्यंत उष्णता तयार करतात. गांधील तेवढ्यात भाजून मरते, मधमाशी त्याहून दोन-तीन अंश जास्त सोसते, सगळा खेळ त्या दोन-तीन अंशांचा. जपानी संशोधकांनी हे तापमान मोजूनच दाखवलंय. व्हिएतनाममध्ये तर याच जातीच्या माश्या दाराभोवती शेण आणून लावतात म्हणजे गांधील तिथे बसायला कचरते, 2020 मध्ये हे छापून आलं तेव्हा मला हसूच आलं, आपल्या आज्या सारवायच्याच की!

म्हणून सातेरी अजिंक्य आहे असं नाही हं. कमजोर पेटीला रोजचा त्रास झाला की ती सरळ पेटी सोडून निघून जाते, मागच्या वर्षी माझी एक अशीच रिकामी झाली आणि चूक माझीच, दार मोठं ठेवलं होतं. आता मधमाशी जाईल पण गांधील अडकेल एवढीच फट ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ जुनी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभा राहतो, शेजारी हसतात, हसू देत. सीझनच्या सुरुवातीला गांधिलीची राणी एकटीच पोळं बांधत असते, तेव्हा ती सापडली तर पुढचं अख्खं पोळंच टळतं.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे संपलं ते प्रकरण. 2019 च्या शेवटी वॉशिंग्टन राज्यात सापडली, मग लोकांनी जिवंत पकडून तिच्या अंगाला दात साफ करायच्या दोऱ्याने छोटा ट्रान्समीटर बांधला आणि ती घरी गेली तशी मागोमाग जाऊन 2020 मध्ये पहिलं पोळं काढलं, 2021 मध्ये आणखी तीन, आणि डिसेंबर 2024 मध्ये निर्मूलन झालं असं जाहीर केलं. फ्रान्सला मात्र हे जमलं नाही, तिथे 2004 च्या सुमारास दुसरी एक आशियाई गांधील चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांबरोबर शिरली असं मानतात आणि आज ती पार स्पेन, पोर्तुगालपर्यंत गेलीय.

आता माणसांचं. हो, माणसं मरतात. चीनच्या शाआन्शी प्रांतात 2013 मध्ये काही महिन्यांत 42 जण गेले आणि दीड हजारावर जखमी झाले. फुलावर बसलेली गांधील तुमच्या मागे लागत नाही, पोळ्याला धक्का लागला की मात्र संपलं. मधमाशीचा काटा अंगात अडकतो आणि ती मरते, हिचा अडकत नाही म्हणून एकच परत परत डसते. एका डंखानेही ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचा श्वास अडकू शकतो, ओठ-जीभ सुजली, घशात घरघर, चक्कर असं काही झालं तर चुना-हळद करत बसू नका, गाडी काढा आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मिळेल अशा दवाखान्यात न्या. आणि खूप डंख बसले असतील तर माणूस बरा दिसला तरी न्याच. आमच्या वाडीतले एक काका गवत काढताना असेच सापडले, घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, किडनीवर आलं होतं, डायलिसिस करावं लागलं. वाचले.

पोळं वळचणीला किंवा वाटेवर असेल तर जाणकार माणसाकडून काढून घ्या, पेट्रोल आणि बोळा घेऊन स्वतः शिडीवर चढू नका. लांब उंच झाडावर असेल तर मी तरी हात लावत नाही, सुरवंटं आणि किडे पण तीच खाते. माझ्या पेट्यांपासून शंभरेक पावलांवर फणसावर एक आहे सध्या. रॅकेट दाराला टांगलेली असते.