अनुदान आटले, आता मंडळ कसे चालवायचे?

प्रश्न : आमच्या मंडळाचे वर्षाला चार कार्यक्रम होतात. नगरपरिषदेकडून मिळणारी मदत दोन वर्षांपासून बंद आहे. आजवर प्रवेश विनामूल्य होता. तिकीट लावले तर लोक येतील का?
– कार्यवाह, संगीत-नाट्य मंडळ, सातारा जिल्हा

उत्तर : तिकीट लावावेच. मात्र त्याचा दर शेजारच्या गावाकडे पाहून ठरवू नका, स्वतःच्या खर्चावरून काढा. समजा, एका कार्यक्रमाचा खर्च असा आहे : कलावंतांचे मानधन ३०,०००, सभागृह १२,०००, ध्वनी व प्रकाश १०,०००, प्रवास आणि छपाई ८,०००. एकूण ६०,००० रुपये. स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींतून १०,००० मिळाले, तर उरले ५०,०००. सभागृह ३०० खुर्च्यांचे असेल आणि २० सन्मानिका (मोफत पास) वगळल्या, तर विक्रीला २८० जागा राहतात. हिशेब मात्र २८० वर करायचा नाही, साठ टक्क्यांवर, म्हणजे १६८ वर करायचा. दर येतो ३०० रुपये. नाटक-संगीताच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे ती चिंता इथे नको.

बहुतेक मंडळांचे गणित सन्मानिकांपाशी बिघडते. वीसच्या साठ होतात, त्याही पुढच्या चार रांगांतल्या, आणि पैसे देणारा प्रेक्षक दहाव्या रांगेत बसतो. सन्मानिकांची संख्या कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या, म्हणजे नकार देणे सोपे जाते. शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे, पुष्पगुच्छ यांवरचा खर्चही त्याच बैठकीत कापा. कलावंतांच्या मानधनाला आणि मुलांच्या नाट्यशिबिराला मात्र हात लावू नका. मंडळ आहे ते त्यांच्यासाठीच.

दुसरी पायरी वार्षिक सभासदत्वाची. चार कार्यक्रमांचे १,२०० ऐवजी १,००० रुपये घ्या. शंभर सभासद झाले की हंगामाआधीच एक लाख रुपये हातात येतात. हे पैसे चार कार्यक्रमांचे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला २५,०००, त्याहून जास्त पहिल्या कार्यक्रमावर खर्च करायचे नाहीत. पहिला प्रयोग थाटात आणि चौथा रद्द, असे झाले की पुढच्या वर्षी सभासद फिरकत नाहीत. सवलतीमुळे शंभर सभासदांमागे दर कार्यक्रमाला ५,००० रुपये कमी येतात. वरच्या हिशेबात १६८ प्रेक्षकांकडून ५०,४०० ऐवजी ४५,४०० मिळतील. ५०,००० चा खर्च भागवायला आणखी १६ तिकिटे विकावी लागतील, हे आधीच धरा.

तिकिटाला ‘देणगी प्रवेशिका’ म्हणून त्यावर करसवलतीची पावती देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती चूक आहे. पैशांच्या बदल्यात खुर्ची दिली, तर ती देणगी उरत नाही.

प्रश्न : संस्थेची जुनी इमारत आणि सभागृह आहे. लग्नकार्यांना भाड्याने दिले, तर पगार आणि वीजबिल निघेल. यात काही अडचण आहे का?
– विश्वस्त, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आहे, आणि ती दुहेरी आहे. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दुरुस्तीसाठी कर्ज काढतानाही परवानगी आधी घ्यायची असते, मागाहून नव्हे.

दुसरी अडचण प्राप्तिकराची. कला-संस्कृतीच्या संस्था बहुधा ‘सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य उद्दिष्ट’ या वर्गात मोडतात. या वर्गातल्या संस्थेची व्यावसायिक स्वरूपाची जमा त्या वर्षाच्या एकूण जमेच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर त्या वर्षीची करमाफी जाते. एकूण जमा दहा लाख असेल तर मर्यादा दोन लाखांची. इमारतीचे नुसते भाडे आणि खुर्च्या, मंडप, जनरेटर, जेवणावळ यांसह दिलेली सेवा यांत फरक आहे. दुसरा प्रकार व्यवसाय मानला जाण्याची शक्यता अधिक. त्याची खातेवही वेगळी ठेवा, आणि डिसेंबरमध्ये एकदा लेखापरीक्षकाला टक्केवारी काढायला सांगा. मार्चअखेर कळून उपयोग नसतो. अनुदान घटले की एकूण जमा घटते, आणि भाडे तेवढेच असूनही त्याची टक्केवारी वाढते. अनेक संस्था इथेच सापडतात.

लग्नसराई आणि नाटकांचा हंगाम साधारण एकाच काळात येतो. वर्षाच्या सुरुवातीलाच स्वतःच्या तालमींच्या व प्रयोगांच्या तारखा नोंदवहीत राखून ठेवा, उरलेल्याच भाड्याने द्या. नाहीतर पगार निघेल, पण तालीम करायला जागाच राहणार नाही.

प्रश्न : देणगीदार आणि कंपन्या दोघेही नकार देतात. आम्ही कुठे चुकतो?
– अध्यक्ष, बालनाट्य संस्था, नागपूर

उत्तर : करसवलत पुढे करून देणगी मागत असाल, तर तो आधार आता कमकुवत झाला आहे. नव्या करप्रणालीत देणगीवरची, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. तेव्हा ठरावीक वस्तू मागा : दोन स्पॉटलाइट, एका मुलाचे वर्षभराचे शुल्क. ज्यांना वजावट मिळते, त्यांच्या देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरा. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये पडतात, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्रही मिळत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत सीएसआर (सामाजिक जबाबदारी म्हणून कंपनीने करायचा खर्च) आणि जाहिरात यांची गल्लत होते. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, पारंपरिक कला यांचा समावेश आहे. पण फलकावर नाव झळकवण्याच्या बदल्यात दिलेले पैसे सीएसआर ठरत नाहीत, एका दिवसाचा सोहळाही नाही. दिवाळी पहाट घेऊन गेलात, तर सीएसआर विभाग परत पाठवणारच. तो प्रस्ताव त्यांच्या जाहिरात विभागाकडे द्या. सीएसआरसाठी वर्षभराचा उपक्रम लागतो : किती शाळा, किती मुले, आठवड्याला किती तास, प्रशिक्षकाचे मानधन किती. सोबत सीएसआर नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवणारे लेखापरीक्षित हिशेब जोडा. नोंदणी नसेल, तर प्रस्ताव लिहिण्याआधी तीच करून घ्या.