पतसंस्थेतील ठेव, संचालकांचे राजकारण आणि सभासदाचा अधिकार

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनी नागरी पतसंस्था आहे. अध्यक्ष वर्षानुवर्षे तेच आहेत, संचालक मंडळ बिनविरोध निवडून येते आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीत त्याच मंडळातील तिघे-चौघे उभे असतात. व्याज थोडे जास्त मिळते म्हणून निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग मी तेथे मुदत ठेवीत ठेवला आहे. राजकारणी माणसाला पतसंस्थेच्या संचालक मंडळावर येण्यास कायद्यानेच बंदी असावी, असे माझे ठाम मत आहे. आपणास काय वाटते? आणि माझी ठेव सुरक्षित आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ठेवीचे पाहू. आपल्याकडे बँक आणि पतसंस्था यांत फारसा फरक केला जात नाही. पावती सारखीच दिसते आणि काउंटरवरचा माणूसही ओळखीचा असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन्ही अगदी वेगळ्या संस्था आहेत. राष्ट्रीयीकृत, खासगी किंवा सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला असे कोणतेही विमा संरक्षण नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रणही नसते. तिची देखरेख १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार सहकार खाते करते. जास्तीचे व्याज आपण घेता ते या जोखमीच्या बदल्यात, आणि आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग एकाच पतसंस्थेत ठेवण्याइतके ते व्याज मोठे नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. जसजशा पावत्यांची मुदत संपेल, तसतशी निम्म्याहून अधिक रक्कम विमा असलेल्या बँकांमध्ये विभागून ठेवावी.

आता आपल्या मताविषयी. आपला रोष मी समजू शकतो, परंतु सरसकट बंदी मला पटत नाही. महाराष्ट्रातील सहकार ज्यांनी उभा केला, त्यांतले अनेक जण राजकारणातही होते. सांगलीचे वसंतदादा पाटील हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शिवाय बंदी घातली, तर तीच मंडळी घरातल्या कोणाचे तरी नाव पुढे करतील आणि आज निदान उघड दिसणारा संबंध उद्या झाकला जाईल. खरा दोष आहे तो कर्ज मंजूर करणारा, कर्ज घेणारा आणि मत मागणारा एकच असण्यात. ज्याच्याकडून थकबाकी वसूल करायची, त्याच्याच दारात मतासाठी जायचे असेल, तर निवडणुकीच्या वर्षात वसुली थंडावते. थकबाकीदाराविरुद्ध याच सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकीत रक्कम सक्तीने वसूल करण्याचा सहकार खात्याचा दाखला) मिळवण्याचे प्रकरण तयार असूनही पुढे सरकत नाही आणि जामीनदाराला साधी नोटीससुद्धा जात नाही. नागरी सहकारी बँकांना संचालक व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने २००३ पासून, मोजके अपवाद वगळता, मनाई केली आहे. तीच मनाई तितक्याच कठोरपणे पतसंस्थांना लागू झाली पाहिजे आणि सर्वपक्षीय नेतृत्व याबाबत जे मौन पाळते, ते ठेवीदाराच्या हिताचे नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे, पण ते वापरले जात नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा घेतलीच पाहिजे. कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे संचालकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांचा संबंध असलेल्या फर्म-कंपन्यांना दिलेल्या कर्जाचे, त्यातील परतफेडीचे व थकबाकीचे विवरण या सभेपुढे ठेवावे लागते. बहुतेक ठिकाणी अहवाल दारात वाटला जातो, विषयांचे वाचन होते, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि पाऊण तासात सभा आटोपते. आपण हे विवरण मागा आणि आपला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरा.

अहवाल हाती आला की अध्यक्षांचे मनोगत आणि सत्काराची छायाचित्रे बाजूला ठेवून ताळेबंदाच्या ‘जिंदगी व येणी’ या बाजूला ‘येणे व्याज’ ही ओळ शोधावी. कर्जदाराने व्याज भरलेले नसते, तरीही ते येणे म्हणून पुस्तकात धरले जाते. त्याच्यासमोर देणी बाजूला थकीत व्याजाची पुरेशी तरतूद नसेल, तर वाटलेला लाभांश प्रत्यक्षात न आलेल्या पैशातून दाखवलेल्या नफ्याचा आहे, असे समजावे. ही रक्कम तीन वर्षांच्या अहवालांत ओळीने वाढत असेल आणि त्याच वेळी संस्था ठेवींवरचे व्याजदरही वाढवत असेल, तर जुन्या ठेवी परत करण्यासाठी नव्या ठेवी गोळा केल्या जात असल्याची शंका घेण्यास जागा आहे. लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग फलकावर लावलेला असला, तरी हे आकडे स्वतः पाहावेत.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. ठेव ठेवताना आपल्याकडून किरकोळ शुल्काचा एक अर्ज भरून घेतला असेल, तर आपण बहुधा नाममात्र सभासद आहात आणि नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नसतो. संस्थेचा बहुतांश पैसा ज्यांचा, त्यांनाच मत नाही, ही अवस्था अनेक पतसंस्थांमध्ये आहे. बिनविरोध निवडणुकांचे एक मोठे कारण मला येथेच दिसते. शेअर घेऊन नियमित सभासदत्वासाठी अर्ज करावा.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी येतो आणि त्या बचतीवरच मला दिवाळीच्या मालासाठी कर्ज मिळते. मोठी बँक कागदपत्रांसाठी दहा हेलपाटे घालायला लावते. गावचा पैसा गावातच फिरला पाहिजे, असे मला वाटते. पतसंस्थांना नावे ठेवणारे आमचा विचार करतात का?
— एक महिला दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. लहान व्यापाऱ्याला वेळेवर मिळालेल्या पन्नास हजारांचे मोल मोठ्या बँकेच्या तक्त्यात दिसत नाही आणि तालुक्याच्या ठेवी शहरातल्या मोठ्या कर्जदारांकडे जातात, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच चांगली चालणारी पतसंस्था टिकली पाहिजे. आपण पिग्मीसाठी आणि कर्जासाठी संस्थेशी जरूर संबंध ठेवा, मात्र एजंटने पैसे घेताच पावती किंवा मोबाइलवरचा संदेश घ्यावा आणि महिन्यातून एकदा संस्थेच्या कार्यालयात जाऊन खातेउतारा ताडून पाहावा. मुलीच्या शिक्षणाचा किंवा लग्नाचा पैसा मात्र तेथे साठवू नका.

प्रश्न : सहकारी बँकेतील ५ लाखांपर्यंतची ठेव खरोखर परत मिळते का? पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचे काय झाले, हे आम्ही पाहिले आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढता येत होते आणि विम्याची मर्यादाही १ लाखच होती. मर्यादा ५ लाख झाली ती त्यानंतर. २०२१ च्या कायदादुरुस्तीमुळे आता निर्बंध लागू झाल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. पूर्वी त्यासाठी बँक अवसायनात जाण्याची, म्हणजे ती कायमची गुंडाळली जाण्याची, वाट पाहावी लागे. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरील रकमेसाठी ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने १० वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील आपल्या नावाच्या ठेवी विम्यासाठी एकत्र धरल्या जातात, त्यामुळे रक्कम विभागायची असेल, तर ती वेगवेगळ्या बँकांतच विभागावी.