जुनी ब्रेझा घेण्याआधी

तू म्हापशात बघितलेली मारुतीची 2018 ची डिझेल ब्रेझा वाईट नाही. 198 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, पावसाळ्यात वाळपईकडच्या खड्ड्यांत पोट घासणार नाही. पण ताकद पुढच्याच चाकांना. मोरजीच्या वाळूत नेलीस तर रुतणारच.

मला खरी भीती गंजाची. खाऱ्या वाऱ्यात गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असते. मी एकदा असाच फसलोय. म्हणून डिकीतली चटई उचल, पत्र्याच्या सांध्यांवरून बोट फिरव. तांबूस भुकटी लागली तर सरळ नमस्कार करून ये. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघ, शेवटाकडे चिखलाची रेघ असेल तर पाणी आत शिरलेलं समज. आणि हो, आधी रेंट-अ-कॅबला, म्हणजे लोकांना स्वतः चालवायला भाड्याने दिलेली होती का, तेही विचार.