तुमचे प्रश्न : ट्युशन लावली, मग मार्क कुठे गेले?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाचवीत, सेमी इंग्लिशला आहे. जूनपासून इंग्लिश आणि गणितासाठी मॅडम घरी येतात, आठवड्यातून चार दिवस, महिन्याला अडीच हजार. ट्युशनची वही एकदम स्वच्छ, सगळी गणितं बरोबर, आणि सहामाहीत गणिताला ४० पैकी १४. मॅडम म्हणतात तिचं लक्षच नसतं. दुसरी ट्युशन बघू का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : लगेच नका बदलू, पण ती स्वच्छ वही मला जरा खटकतेय. मी बावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, पाचवीतल्या पोरीच्या गणिताच्या वहीत खाडाखोड नाही म्हणजे एकतर फळ्यावरून उतरवलंय नाहीतर शेजारी बसून कोणीतरी "आता इथे हातचा घे, आता खाली लिही" असं बोट धरून सोडवून घेतलंय. मॅडमवर शंका घेत नाहीये मी, तासाभरात दोन विषय संपवायचे, वर आईला वही दाखवायची, मग असंच होतं. मी पण केलंय सुरुवातीला.

आज एक करा. त्याच वहीतली मागच्या आठवड्यातली तीन गणितं कोऱ्या कागदावर लिहून तिला द्या, वही कपाटात, तुम्ही किचनमध्ये. ओरडायचं नाही, वेळ लावायची नाही. आणि तीनातलं एक तरी शाब्दिक गणित हवंच.

कारण सेमीच्या पोरांचं बरंचसं घोडं तिथेच अडतं. माझ्याकडे येणारी एक मुलगी ६३ वजा २८ चुटकीसरशी करायची, ३५, बरोबर. तेच गणित पुस्तकात होतं, रियाकडे ६३ मणी, मीनाकडे २८, "हाऊ मेनी मोअर" मणी रियाकडे आहेत? तर बाईसाहेबांनी बेरीज केली, ९१. का गं? "मोअर आहे ना, मोअर म्हणजे जास्त, जास्त म्हणजे प्लस." आता सांगा, ही गणितात कच्ची आहे का? तिला मी तेच मराठीत विचारलं, रियाकडे मीनापेक्षा किती मणी जास्त, तर माझं वाक्य संपायच्या आत पस्तीस म्हणाली. म्हणून तुमच्या मुलीला चुकलेलं शाब्दिक गणित आधी मोठ्याने वाचायला लावा, मग "यात काय विचारलंय ते मराठीत सांग" म्हणा. सांगता आलं नाही तर ट्युशनच्या पहिल्या अर्ध्या तासात पाढे घोटून काही होणार नाही, तिथे ईच, लेफ्ट, ऑलटुगेदर, शेअर्ड इक्वली हे शब्द पक्के व्हायला हवेत.

अजून एक, हे आपल्या मराठीचं खास. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना उलटं. इंग्लिशमध्ये ट्वेंटी फाइव्ह, जसं बोलतो तसंच लिहितो (थर्टीन ते नाइन्टीन सोडून, तिथे इंग्रजही आपल्यासारखेच). त्यात आपलं एकोणसाठ, पोरं बिनधास्त ६९ लिहितात कारण कानाला 'साठ' ऐकू आलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, आपण सगळ्यांनी जोक फॉरवर्ड केले. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्या सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटं बोलणं यात लहान पोरं अडखळतात. जुने शब्द काढूनही टाकले नव्हते. मला स्वतःला एकवीसच गोड लागतं, पण अडचण खरी आहे. तुमच्या मुलीला दहा संख्या मराठीत सांगून लिहायला लावा, ५९, ७९ आणि ८९ नक्की घाला. कळेल.

मग हे सगळे कागद घेऊन मॅडमशी बोला, तक्रार म्हणून नाही, "हे असं दिसलं, यावर काय करूया" म्हणून. वहीत खाडाखोड चालेल हे तुम्हीच त्यांना सांगा, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. दोन महिने द्या. तरीही "लक्ष नसतं" एवढंच उत्तर मिळालं तर मात्र बदला.

इंग्लिशचं थोडक्यात, 'माय मदर' पाठ करून घेत असतील तर ते बंद. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, आणि आज डब्यात काय होतं यावर स्वतःची तीन वाक्यं, चुकली तरी चालतील.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. शाळेतले गणिताचे सर वर्गात सरळ सांगतात, माझ्या क्लासला या, बाहेर जाणाऱ्यांचं मी बघणार नाही. काय करावं?
— एक पालक, जळगाव जिल्हा

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २८, शाळेतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायचीच नाही, इतकं स्पष्ट आहे. पण एकट्याने सरांशी भांडू नका, पोराला वर्षभर त्याच वर्गात बसायचंय. चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या, काही झालं नाही तर गटशिक्षणाधिकारी. आणि हो, सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लास बंद झालेत असं कोणी सांगितलं तर ते २०२४ च्या जानेवारीतल्या केंद्राच्या सूचनांबद्दल असतं, त्या पन्नासपेक्षा जास्त मुलं असलेल्या कोचिंग सेंटरसाठी आहेत, घरातल्या आठ-दहा मुलांच्या शिकवणीसाठी नाहीत.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा, न्यू जर्सीला असतो. शनिवारी आमच्या सात वाजता, त्याच्या सकाळी साडेनऊला, मी त्याला व्हिडिओ कॉलवर गणित शिकवतो. ६३ वजा २८ मी असं शिकवलं, ३ मधून ८ जात नाहीत, हातचा घ्या, १३ मधून ८ गेले ५, खालच्या २ ला हातचा परत द्या, झाले ३, ६ मधून ३ गेले ३. तो म्हणतो आजोबा हे राँग आहे. सूनबाई म्हणतात शाळेत गोंधळ होतो, नका शिकवू. माझं चुकलं का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तुमचं काहीच चुकलं नाही, आणि नातवाचंही नाही. त्याच्या शाळेत ६३ मधला एक दशक फोडतात, म्हणजे ५० आणि १३, मग २० आणि ८ वजा करतात. तिकडच्या बऱ्याच शाळांत आधी संख्यारेषेवर उड्या मारत करायला लावतात, उभी मांडणी नंतर. तुम्ही वरच्या संख्येतही दहा मिळवता आणि खालच्यातही, वर एककात, खाली दशकात, म्हणून फरक तोच राहतो. हे त्याला त्याच्या बाबांच्या आणि त्याच्या वयावरून सांगा, दहा वर्षांनी दोघं मोठे होतील, दोघांतलं अंतर तेवढंच.

पण सूनबाईंचं ऐका, शाळेचा होमवर्क शाळेच्या रीतीनेच. तुम्ही पाढे घ्या, ते तिकडे कोणी असे घेत नाही. बे एके बे, बे दुणे चार सुरात म्हटलं की पोरं खूश होतात, आणि मराठी कानावर पडतं ते वेगळंच. पुढच्या शनिवारी त्याला म्हणा, तुझी रीत मला शिकव, आणि मुद्दाम एक चूक करा, बघा कसा पकडतो ते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा सातच्या ऐवजी आठला फोन करा, नाहीतर पोरगं झोपेतून उठलेलं नसेल.