किमो संपून दोन वर्षं झाली, टाळूवर केस आलेच नाहीत. आता काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्तनाच्या कॅन्सरची किमो संपून दोन वर्षं झाली, कानांवर आणि मानेपाशी केस आले, पण टाळू अजून उघडीच आहे. घरचे म्हणतात, जीव वाचला ना, मग केसांचं काय घेऊन बसलीस? त्यात डिसेंबरात मुलीचं लग्न. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि माझीही गत हीच आहे, तुमच्यापेक्षा जरा जुनी. म्हणून आधी घरच्यांच्या त्या बोलण्याविषयी लिहिते.

जीव वाचला याचं मोल तुम्हाआम्हाला कोणी सांगायला नको. पण म्हणून केस गेल्याचं दुःख खोटं ठरत नाही. किमो चालू असताना सगळे धीर देतात, कारण केस परत येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. दोन वर्षांनी लोकांच्या लेखी आजार संपलेला असतो, आपल्याला मात्र तो रोज भांग पाडताना दिसतो. आणि आपल्याकडे बाईच्या उघड्या डोक्याला जुना इतिहास आहे. विधवांचं केशवपन थांबावं म्हणून १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र आणलं होतं, पण घराघरांतल्या आठवणी त्यानंतरही बराच काळ टिकल्या. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा बिनास्कार्फचं पाहिलं आणि देवघरात जाऊन रडल्या. त्यांनी लहानपणी आपल्या आत्येला तसं पाहिलेलं होतं. तुमच्या घरचे विषय उडवून लावतात त्यामागेही बहुतेक भीतीच असावी. तरी त्यांना स्पष्ट सांगा, की मला याचं वाईट वाटतं आणि मी यावर इलाज करून घेणार आहे.

आता इलाजाचं. किमो संपून सहा महिने उलटले आणि केस पूर्ण आले नाहीत, तर डॉक्टर त्याला किमोमुळे आलेलं कायमचं टक्कल म्हणतात. तुम्ही तेल लावलं नाही, नीट खाल्लं नाही, म्हणून हे झालेलं नाही. एरवी किमोत केसाच्या मुळाशी भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, पण नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशी शाबूत राहतात, म्हणून केस परत येतात. काही जणींमध्ये त्या मूळ पेशींनाच इजा होत असावी, असं मानलं जातं. टॅक्सेन गटातल्या औषधांनंतर, त्यातही डोसेटॅक्सेलनंतर, हे जास्त नोंदलं गेलंय. अमेरिकेत २०१५ साली त्या औषधाच्या माहितीपत्रकात तशी भर घालण्यात आली. तुमच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये औषधांची नावं असतील, ती बघून घ्या.

दुसरं कारण हार्मोनची गोळी. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांनीही भांग रुंदावतो आणि केस विरळ होतात. पण ताई, केसांसाठी ती गोळी मनाने बंद करू नका. ती कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे. फार त्रास होत असेल तर बदलून मिळेल का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा.

स्किनच्या डॉक्टरांकडे जा, पार्लरवाल्या हेअर क्लिनिकमध्ये नको. मला एका ठिकाणी टाळू न तपासताच मोठं पॅकेज गळ्यात मारायला बघत होते. चांगले डॉक्टर भिंगातून टाळू बघतात. थायरॉइड, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी तपासतात, कारण तिथे कमतरता असेल तर ती भरून काढता येते. गरज वाटली तर टाळूचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात. मग बहुतेक वेळा मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध देतात, लावायचं किंवा अगदी कमी ताकदीच्या गोळीतून. ते हार्मोन नाही. सुरुवातीला उलट केस जास्त गळतात, घाबरू नका. चार ते सहा महिन्यांआधी फरक कळत नाही आणि बंद केलं की आलेले केस जातात. गोळी असेल तर बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. माझा भांग थोडा भरला, वेणी काही आली नाही. तरी मी ते चालू ठेवलंय.

कांद्याचा रस, माका, जास्वंद हे सगळं तुम्हालाही कोणी ना कोणी सांगितलं असेलच. तेलाने मालिश करून बरं वाटत असेल तर करा, पण इजा झालेलं मूळ तेलाने जागं होत नाही. कांद्याच्या रसाने माझी टाळू लाल झाली होती. केसांसाठी म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात. हेअर ट्रान्सप्लांटला मागचे केस दाट लागतात. आपल्यासारख्यांचे तेही बरेचदा विरळच असतात, त्यामुळे आधी नीट तपासणी होऊ दे.

विगचं सांगते, कारण इथल्या हवेत तो वापरणं हे वेगळंच काम आहे. कानांवर केस असतील तर पूर्ण विग कशाला? फक्त टाळू झाकणारा टॉपर पुरतो आणि तो क्लिपने स्वतःच्या केसांत बसतो. सिंथेटिक केस घालून गॅससमोर उभ्या राहू नका. फोडणीच्या वाफेनेही पुढची बट आखडून काथ्यासारखी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. मे महिन्यात ठाण्याहून वाशी लोकलने जायचं तर मी सुती स्कार्फच बांधते, रेशमी घसरतो. उपचार टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या परळ किंवा खारघर केंद्रात झाले असतील तर तिथल्या समाजसेवा विभागात विगसाठी मदत मिळते का, विचारून बघा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गजऱ्यांचं ताट माझ्यापाशी आलं की समोरची बाई अडखळायची. द्यावा की नाही, हे तिला कळायचं नाही आणि मलाही काय करावं सुचायचं नाही. आता मी हात पुढे करते आणि म्हणते, मनगटावर बांधा. तिचाही जीव भांड्यात पडतो.

लग्नासाठी औषधावर भिस्त ठेवू नका, इतक्यात तेवढे केस येत नाहीत. टॉपर दिवाळीआधीच घ्या, म्हणजे सवय होईल आणि अंबाडा घालून बघता येईल. मेकअपवालीला आधीच सांगून ठेवा. आयत्या वेळी चार नातेवाइकांसमोर सांगायची पाळी नको. गोंदाने चिकटवायचा टॉपर घेऊ नका, क्लिपवालाच घ्या. भुवया विरळ असतील तर पेन्सिल पुरते. कायमचं रंगकाम करून घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांसमोर स्कार्फ काढून बसा. गर्दीत ते विचारणार नाहीत, तुम्हीच म्हणा, ‘दोन वर्षं झाली, हे असं आहे, केसपेपरवर लिहा आणि स्किनच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्या.’ तोंडी सांगितलेलं राहून जातं, केसपेपरवरचं पुढचा डॉक्टर वाचतो. हार्मोनची कोणती गोळी चालू आहे ते इथे कळवलंत तर स्किनच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं, ते मी लिहून पाठवते.